वराचा रकाना

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, यादीतल्या एकशे बेचाळिसाव्या ओळीवर, प्रसूनाला वधूच्या रकान्यात स्वतःचं नाव दिसलं.

एलकुर्ती प्रसूना. वय चौतीस. गाव हैदराबाद. पाहुणे पन्नासच्या आत. तारीख, तुम्ही म्हणाल ती. वराच्या नावापुढे काहीच नाही.

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला. नाव तिथंच होतं. एलकुर्ती हे आडनाव तिला सासरच्या माणसांशिवाय कुठं भेटलं नव्हतं, आणि त्या माणसांत प्रसूना ती एकटीच. वयही बरोबर. फोन नंबर तेवढा अनोळखी.

कोणीतरी चेष्टा केली असेल, असं तिने आधी धरलं. ऑफिसातली पोरं फॉर्म चालतोय का हे बघायला भलतीसलती नावं भरत असत. एकदा त्यांनी कोंबडीचं लग्न लावलं होतं. पण ही ओळ चेष्टेची दिसत नव्हती. पन्नासच्या आत पाहुणे, तारीख तुम्ही म्हणाल ती. चेष्टा करणारा माणूस एवढा नमून बोलत नाही.

तशी ती गेले तीन आठवडे गोंधळलेलीच होती. हे नाव त्यात भर.

प्रसूना ‘पंदिरी’त काम करायची. पंदिरी म्हणजे मांडव. घरी कार्य निघालं की हॉलवाला, आचारी, मांडववाला, सनईवाला, फोटोवाला असे सगळे एका जागी सापडावेत, त्यांचे दर ताडून बघता यावेत, म्हणून काढलेला हा बाजार. लोक फोनवरून नाहीतर संगणकावरून चौकशी टाकत, ती चौकशी हॉलवाल्यांकडे जाई, आणि दर चौकशीमागे हॉलवाले कंपनीला काही देत. या चौकश्या याव्यात कुठून, तर त्या प्रसूनाने आणायच्या. मागणी विभागाची ती प्रमुख. जाहिराती कुठं लावायच्या, कोणत्या गावात कोणत्या महिन्यात काय लिहायचं, विचारून गेलेल्या माणसाला परत कसं बोलवायचं, हे सगळं ती ठरवी. सात वर्षं हेच करत होती आणि त्यात तिचा हात बसला होता. सासूबाईंना मात्र हे काम कधी समजलं नाही. देवळात कोणी विचारलं तर त्या सांगत, “सून कंप्युटरात आहे,” आणि तेवढ्यावर विषय संपे.

आता मूढम चालू होतं. शुक्राचा अस्त. या दिवसांत तेलुगू माणूस लग्न करत नाही, साखरपुडा करत नाही, नव्या घराला पाय लावत नाही. हॉल ओस पडतात, सनईवाले गावी जाऊन आंबे खातात. चौकश्या दिवसाला चाळीसवर आल्या तरी प्रसूना खूष असायची. म्हणून तिने वारंगल बाजूच्या सगळ्या जाहिराती महिनाभरापूर्वीच बंद केल्या होत्या.

आणि त्याच बाजूने पूर आला होता. शंभर. एकशे साठ. शनिवारी दोनशे अकरा. जनगाव, महबूबाबाद, नरसमपेट, परकाल. जिथं एकही जाहिरात नाही तिथूनच.

“प्रसूना गारू!” त्या सकाळी तिने यादी उघडण्याआधीच कंपनीचा मालक प्रणीत टेबलाशी येऊन उभा राहिला होता. तिच्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणून नावापुढे मानाचं ‘गारू’ लावायचा, पण दाढीमुळे मोठा दिसायचा. “मूढमात दोनशे अकरा! काय जादू केलीत?”

“मी काहीच केलं नाही,” प्रसूना म्हणाली. “खरंच सांगते. त्या बाजूच्या जाहिराती तर मी बंद केल्या.”

“हा तुमचा विनय.”

“विनय कसला? मला कळतच नाहीये काय चाललंय.”

“गुरुवारी गुंतवणूकवाले येतायत. त्यांना हेच ऐकायचंय, जाहिरातीशिवाय मागणी. तुम्ही उभ्या राहून सांगा कशी आणली ते.” आणि तो शीळ घालत गेलासुद्धा.

पाठोपाठ एल. बी. नगरच्या हॉलवाल्या नागभूषणमचा फोन आला. साठीचा माणूस, जिभेला हाड नाही.

“मॅडम, गेल्या आठवड्यात तुम्ही मला सोळा लग्नं पाठवलीत.”

“हो, सर. आनंद आहे.”

“तुम्हाला आहे. सोळातल्या नऊ लग्नांना नवरा नाही. मी एकेका घरी फोन करतो, विचारतो, नवरदेवाकडची माणसं किती? ते म्हणतात, नवरदेव तुम्हीच सांगणार होतात ना! आता हॉल माझा, जेवण माझं, मांडव माझा. नवरदेव म्हणूनही मीच उभा राहू का? माझी बायको जिवंत आहे हो.”

प्रसूनाने त्यांची माफी मागितली आणि यादी पुन्हा वरपासून वाचायला घेतली. वराचा रकाना दहातल्या सहा ओळींत रिकामा होता. काही ठिकाणी वर होता तर वधू नव्हती. एका ओळीत वराच्या जागी “पदवीधर चालेल” असं लिहिलेलं होतं. एवढे दिवस ती फक्त बेरजा बघत होती. ओळी तिने वाचल्याच नव्हत्या.

वाचत वाचत ती स्वतःच्या नावापर्यंत आली, ते हे असं. त्या ओळीच्या टोकाला शेऱ्याचा रकाना होता. चौकशी आली की कंपनीच्या हनमकोंड्याच्या ऑफिसातल्या बायका त्या घरी फोन करून खात्री करत आणि शेरा लिहीत. इथं लिहिलं होतं: “सासूबाईंशी बोलले. फार भल्या बाई. घाई करू नये. – मंगतायारू.”

सासूबाई हा शब्द तिने तीनदा वाचला. मग हनमकोंड्याकडे जाणाऱ्या मंगळवार सकाळच्या गाडीची वेळ बघितली.

घरी तिने काही विचारलं नाही. सासूबाई, अंडाळम्मा, रोजच्यासारख्या ताट वाढून बसल्या होत्या; चिंचेच्या सारात हिरवी मिरची जास्त झाली का, एवढंच त्यांनी विचारलं. प्रसूना म्हणाली, “नाही, बरोबर आहे.” जास्त झाली होती.

वारंगलला लागून असलेल्या हनमकोंड्याला भाडं कमी, म्हणून कंपनीने तिथं नक्कलगुट्ट्यात दोन खोल्या घेऊन फोनचं टेबल मांडलं होतं. तिथं तिघी बायका बसत. प्रसूना तिथं कधी गेली नव्हती. तिच्या सूचना गेल्या होत्या. त्यातली एक सूचना मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावलेली तिला आत शिरल्याशिरल्या दिसली: “जो अजून तयार नाही, त्याचा हात सोडू नका. तयार होईपर्यंत अधूनमधून बोलत राहा. – ए. प्रसूना, मागणी विभाग.”

मंगतायारू, सगळ्यांच्या मंगाक्का, खिडकीजवळ बसलेल्या होत्या. बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या, किडकिडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. फोनमध्ये आवाज जातो म्हणून हातातल्या हिरव्या बांगड्या काढून टेबलावर ओळीने ठेवलेल्या. बाजूला पुठ्ठ्याची जाड वही. त्या फोनवर सांगत होत्या, “अहो, उंची काय बघता? संसार काय शिडीवर उभं राहून करायचाय?”

फोन ठेवल्यावर त्या उठल्या. “या मॅडम, या. हैदराबादेहून येणार म्हणून कळलं. तांदळाच्या पिठाची सर्वपिंडी आणलीय, गरम नाही पण खा.”

“मंगाक्का,” प्रसूनाने बसता बसताच विचारलं, “आपण हॉल विकतो ना?”

“हो, मग?”

“मग उंचीचं काय चाललं होतं?”

मंगाक्कांना यात काही अवघड वाटलं नाही. त्यांनी सरळ सांगायला सुरुवात केली. “फेब्रुवारीत जनगावच्या एका बाईंना फोन लावला. चौकशी आली होती त्यांची. हॉल कधी हवा, विचारलं. तर त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मुलगी एकतिसाची झाली, स्थळ नाही. नुसतं बघत होते गं, लग्न झालं असतं तर कुठं केलं असतं ते. आता यावर मी काय बोलू? धन्यवाद म्हणून ठेवून देऊ?”

प्रसूनाने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“त्याच्या आधी तासभर महबूबाबादच्या एकांशी बोलले होते. त्यांचं ठरलेलं मोडलं होतं, हॉल रद्द करायचा होता. मुलगा शिक्षक, निर्व्यसनी, आई जरा कडक. मी या बाईंना म्हटलं, थांबा. त्यांना म्हटलं, रद्द करू नका, थांबा. मार्चात लग्न झालं. कुठं? आपल्याच हॉलात! सहाशे माणसं जेवली आणि माझं नाव घेऊन घरी गेली.”

“आणि मग?”

“मग काय. माझा नंबर द्यायला कंपनीची मनाई. म्हणून मी म्हणते, पंदिरीवर फॉर्म भरा, नवऱ्याचं नाव नसेल तर रिकामं सोडा, फोन येईल. मूढमात मुलगी बघायला जात नाहीत, पण फोनवर बोलायला शुक्राची काय हरकत? म्हणून गर्दी. लग्नाच्या दिवसांत एवढा वेळ कोणाला असतो?” त्यांनी वहीवर हात ठेवला. “अठ्ठावीस ठिकाणी बोलणी चालू आहेत. अस्त संपला की बार उडतील बघा.”

“पण हे तुम्हाला करायला कोणी सांगितलं?”

मंगाक्कांनी आश्चर्याने भिंतीकडे बोट दाखवलं. “तुम्हीच की. हात सोडू नका म्हणालात. तयार नसेल तर तयार होईपर्यंत बोलत राहा. मी आधी बावीस वर्षं शाळेत लेखनिक होते मॅडम, लेखी सूचना आली की मी पाळते.”

हे वाक्य लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे काय होतं ते प्रसूनाने आठवायचा प्रयत्न केला. आठ दिवसांनी एक निरोप, मग पंधरा दिवसांनी एक, मग सवलतीचा एक. तिला हे असं मुळीच म्हणायचं नव्हतं. आणि तरीही वाक्य वाचलं तर त्याचा अर्थ मंगाक्कांनी घेतला तोच होत होता. कोण चुकलं, हे तिला ठरवता येईना.

तिने छापून आणलेली यादी उघडली आणि एकशे बेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. “ही?”

मंगाक्कांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. “ही केस वेगळी आहे. आईबापानं नाही टाकली, सासूनं टाकलीय. मुलगा चार वर्षांपूर्वी तापानं गेला. सून सोडून गेली नाही, तिच्याजवळच राहते. बाई म्हणाल्या, पोरगी माझ्यासमोर रडत नाही आणि मी तिच्यासमोर रडत नाही. एकमेकींना सांभाळून सांभाळून दोघी दमलो.”

पंखा गरगरत होता. पलीकडच्या टेबलावरची बाई कोणाला तरी जेवणाच्या पानाचे दर सांगत होती.

“मी विचारलं, मुलगा कसा हवा? लोक सांगतात नोकरी, जमीन, गोत्र. ह्या म्हणाल्या, तिच्याशी भांडेल असा बघा. माझ्याशी ती भांडतच नाही. मीठ कमी असलं तरी चांगलंय म्हणते, मिरची जास्त झाली तरी चांगलंय म्हणते. असं माणसानं किती दिवस राहावं?”

“मुलीला,” प्रसूनाने यादीवरचं बोट काढून घेतलं, “मुलीला विचारलंय का त्यांनी?”

“नाही ना. म्हणून तर मी लिहिलं, घाई नको. मी त्यांना म्हटलं, आधी तिच्याशी बोला. त्या म्हणाल्या, कसं बोलू, तिला वाटेल मला नकोशी झाली.” मंगाक्का बोलता बोलता थांबल्या. त्यांनी प्रसूनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. “मॅडम, ते ए. म्हणजे पुढं काय?”

“एलकुर्ती.”

“अगं बाई!”

मंगाक्कांनी एकेक करत बांगड्या हातात चढवल्या. पाहुणी घरी आल्यावर करतात तसं. मग सर्वपिंडीचा तुकडा मोडून प्रसूनाच्या हातात दिला. “खा आधी. आता मी मॅडम म्हणू की पोरी म्हणू?”

“मलाच माहीत नाही, मंगाक्का.”

“ओळ काढून टाकू का?”

प्रसूनाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं की हो, हे तिचं तिलाच कळलं नाही, म्हणून तिने घास तोंडात घातला.

परतीच्या गाडीत तिला राग यायला हवा होता. तिने तो आणायचा प्रयत्न केला. पण राग मंगाक्कांवर काढावा तर त्यांनी तिचाच कागद पाळला होता, सासूवर काढावा तर त्यांनी जे सांगितलं त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तिच्या नकळत तिची जाहिरात झाली होती, आणि ती जाहिरात तिने आजवर लिहिलेल्या सगळ्या जाहिरातींपेक्षा खरी होती.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून गच्चीवर होतं. अंडाळम्मा लोणच्याच्या कैऱ्या पुसत बसल्या होत्या. जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्याने एकेक फोड कोरडी करायची आणि परातीत टाकायची. प्रसूना समोर बसली, दुसरं फडकं उचललं.

“आज लवकर?” अंडाळम्मांनी विचारलं.

“हनमकोंड्याला गेले होते. मंगाक्कांकडे.”

अंडाळम्मांचा हात थांबला. “कोणत्या मंगाक्का?”

“त्याच. स्थळं सांगणाऱ्या. अत्तम्मा, त्या आमच्याच कंपनीत आहेत.”

“तुमच्या? तू तर कंप्युटरात ना?”

“तोच कंप्युटर.”

अंडाळम्मांनी तोंडावर हात घेतला आणि लगेच काढला, कारण हाताला कैरीचा चीक होता. “म्हणजे मी तुझ्याच ऑफिसात तुझं नाव टाकलं? सगळ्यांनी वाचलं?”

“मी वाचलं. नंबर कोणाचा दिलात?”

“देवळातल्या राजेश्वरीचा. माझ्या फोनचं बिल तूच बघतेस ना. फॉर्मपण तिच्याच भाचीनं भरला.” चार फोडी पुसून झाल्या. “रागावलीस?”

“मला न विचारता केलंत.”

“विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते.”

“आणि मग मी परत विचारलं नसतं. आपल्या दोघींचं असंच आहे. एक नको म्हणाली की दुसरी लगेच बरं म्हणते, विषय संपतो.” त्यांनी फडकं मांडीवर ठेवलं. “प्रसू, किरीटी गेला त्या वर्षी तू माझ्यासाठी राहिलीस. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आता सकाळी उठून बघते तर तू माझ्यासारखी चालायला लागलीयस. पाय ओढत. चौतिसाव्या वर्षी.”

“मी नको झाले का तुम्हाला?”

“बघ, हेच! मला माहीत होतं, हेच विचारणार.” अंडाळम्मांना एकदम राग आला. “नको असतीस तर हाकललं नसतं का? स्थळ कशाला शोधलं असतं? एवढी शिकलेली, आणि डोकं बघा!”

“शिकलेली आहे म्हणून काय झालं? तुम्ही पन्नास पाहुणे लिहिलेत. आपली पन्नास माणसं तरी आहेत का?”

“का नाहीत? देवळातल्याच तीस होतात!”

“देवळातल्या तीस बायका माझ्या लग्नाला कशाला?”

“मग काय माझ्या मयताला बोलवू?”

दोघीही ओरडत होत्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडून वर पाहिलं. प्रसूनाच्या ध्यानात आलं की लग्न होऊन आल्यापासूनच्या सहा वर्षांत ती या बाईशी पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलत होती, आणि तिचे गाल ओले होते, आणि ते कैरीमुळे नव्हतं. अंडाळम्माही रडत होत्या. रडता रडता त्यांनी एक फोड उचलली, पुसली आणि परातीत टाकली, कारण ऊन जाण्याआधी काम उरकायला हवं होतं.

“काल सारात मिरची जास्त होती,” प्रसूना नाक पुसत म्हणाली.

“मग काल सांगायचं!”

ओळ ठेवायची की काढायची, यावर त्या दिवशी काही ठरलं नाही.

गुरुवारी गुंतवणूकवाले आले. दोघं जण, दोघांच्याही पायांत पांढरे बूट. प्रणीतने तिला उभं केलं. प्रसूनाने चौकश्यांचा चढता आलेख दाखवला आणि सांगितलं, “यातल्या साठ टक्के चौकश्या हॉलसाठी नाहीत. या घरांत लग्न ठरलेलंच नाही. आमच्या हनमकोंड्याच्या एक बाई फोनवर लोकांना स्थळं सुचवतात, म्हणून लोक येतात. यात माझ्या विभागाचं काम शून्य आहे.”

प्रणीतचा चेहरा उतरला. पांढऱ्या बुटांपैकी एकाने वही काढली. “किती जमली आतापर्यंत?”

“लग्न झालेलं एक. बोलणी अठ्ठावीस.”

“मग हे वाढवा की,” तो म्हणाला.

झालं. दुपारपर्यंत प्रणीत पुन्हा शीळ घालत होता. मंगाक्कांसारख्या दहा बसवायच्या, त्यांना काय बोलायचं ते लिहून द्यायचं, उंची-शिक्षण-पगार यांचे रकाने करायचे. “प्रसूना गारू, लिहायचं तुम्हीच!”

तिने दोन महिने प्रयत्न केला. दहा मुली नेमल्या, बोलण्याचा नमुना लिहून दिला. त्या बिचाऱ्या नमुना वाचून दाखवत आणि पलीकडून प्रश्न येई, “मंगाक्का आहेत का?” नाही म्हटलं की फोन बंद. मंगाक्कांना विचारलं, तुम्ही शिकवा यांना, तर त्या म्हणाल्या, “शिकवायला काय आहे त्यात? समोरचा बोलला की ऐकायचं.” मुलींनी तेही लिहून घेतलं.

शेवटी प्रसूनाने एवढंच केलं, की वर किंवा वधू नसलेली चौकशी हॉलवाल्यांकडे जायची नाही, ती सरळ मंगाक्कांच्या वहीत जाईल. चौकश्यांचा आकडा धाडकन खाली आला. प्रणीत आठवडाभर तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला. पण अस्त संपल्यावर त्या वहीतली एकवीस घरं परत आली, दोन्ही नावं घेऊन, आणि त्यांनी हॉल घेतले. पंदिरीला लोक विचारत, हे कसं काय जमवलंत? प्रणीत प्रसूनाकडे बोट दाखवी. प्रसूना हनमकोंड्याकडे. आपल्या कामाला आता मागणी आणणं म्हणावं की काय म्हणावं, हे तिला नीटसं सांगता येत नसे.

श्रावणात मंगाक्कांचा फोन आला. “एक नंबर पाठवलाय. करीमनगरचा माणूस आहे, मातीच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत. यादगिरी नाव. अडतिसाचा. दोनदा ठरून मोडलं. बहिणीनं नाव टाकलंय. करायचा तर कर, नाहीतर नको करू. मी विचारणार नाही.” आणि त्यांनी खरंच विचारलं नाही.

चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत प्रसूनाने फोन लावला. रोज शेकडो माणसांना बोलतं करायचे मार्ग शोधणारी ती, पण पहिलं वाक्य तिने कागदावर लिहून घेतलं होतं.

“नमस्कार, मी प्रसूना. मंगाक्कांनी नंबर दिला.”

“हो, हो! ताई म्हणाली होती फोन येईल,” पलीकडून आवाज आला. “आम्ही ऐंशी जण असू. खुर्च्या तुमच्याच ना?”

“कसल्या खुर्च्या?”

“मग खाली बसायचं? आमच्या साहेबांचे गुडघे गेलेत.”

प्रसूनाने कागदाकडे पाहिलं. त्यात खुर्च्या नव्हत्या. “तुम्हाला ताईंनी नक्की काय सांगितलंय?”

“प्रयोगशाळेच्या वार्षिक मेळाव्याला हॉल हवाय, पंदिरीवाल्या बाई फोन करतील म्हणून. तुम्ही पंदिरीच्याच ना?”

“पंदिरीचीच. पण मी हॉलसाठी नाही केलेला.”

“मग कशासाठी?”

पलीकडे काचेचं काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“एक मिनिट,” यादगिरी सावकाश म्हणाला. “मंगाक्का म्हणजे त्या... अरे देवा. ताई! म्हणजे, तुम्ही नाही, माझी ताई. मला काहीच माहीत नव्हतं. माफ करा. मी तुम्हाला खुर्च्या मागितल्या.”

“माझंही नाव माझ्या सासूबाईंनी मला न सांगता टाकलं होतं,” ती म्हणाली.

“म्हणजे आपल्या दोघांशिवाय सगळ्यांना माहीत होतं?”

“माझ्या अख्ख्या ऑफिसला.”

तो हसला. मग त्याने विचारलं, हॉल खरंच मिळेल का, मेळावा खरा आहे. तिने त्याला दोन हॉल सांगितले. एकाचं जेवण बरं नाही, असंही सांगितलं. तो म्हणाला, करीमनगरात जेवण बरं नसलेला हॉल असूच शकत नाही. ती म्हणाली, तक्रारी माझ्याकडे येतात. या मुद्द्यावर वीस मिनिटं गेली.

पुढच्या गुरुवारी तो मातीचे नमुने घेऊन गुंटूरला निघाला होता, सिकंदराबादला गाडी बदलणार होता. मध्ये पाऊण तास. प्रसूना स्कूटरवरून गेली. कसा ओळखू, असं तिने विचारलं होतं, तर तो म्हणाला होता, ज्याच्याजवळ मातीने भरलेली पोती असतील तो. पोती नव्हती, कापडी पिशव्या होत्या, पंधरा-वीस, प्रत्येकीला गावाची चिठ्ठी. तो अंगाने बारीक, केस पांढरे व्हायला लागलेले. त्याने तिला बसायला जागा करताना परकालची माती उचलून मांडीवर घेतली.

दोघांनी चहा घेतला. किरीटीबद्दल तिने स्वतःहून सांगितलं. त्याने मोडलेल्या दोन लग्नांबद्दल सांगितलं. दुसऱ्या वेळी चूक त्याची होती, असं म्हणाला. सासूबाई आपल्याबरोबरच राहतील, जिथं जाऊ तिथं, हे ती म्हणाली तेव्हा त्याने विचारलं, “लोणचं घालतात का त्या?” आणि हे होकाराचं बोलणं होतं की नुसती चौकशी, हे तिला उमगलं नाही. तिनेही विचारलं नाही. त्याची गाडी वेळेवर आली. तो पिशव्या मोजत चढला आणि खिडकीतून म्हणाला, “रविवारी फोन करू का?”

“करा. म्हणजे, कर. म्हणजे, करा.”

गाडी हलली. ती जिना चढून, पुलावरून गर्दीबरोबर चालत बाहेर आली. रिक्षावाले ओरडत होते. स्कूटर लावलेली जागा काही दिसेना. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. तिथं एक फळवाली बसली होती, तिला विचारलं, “अम्मा, इथं स्कूटरी लावतात ना?”

“त्या पलीकडच्या दाराला, तल्ली. हे भोईगुड्याचं दार.”

सात वर्षं या शहरभर माणसांनी कुठून यावं ते ठरवणारी प्रसूना सिकंदराबाद स्टेशनच्या भलत्याच दारातून बाहेर पडली होती. परत आत जायचं तर फलाटाचं तिकीट पुन्हा काढावं लागणार होतं, आणि वळसा घालून जायचं तर पाऊण मैल चाल. तिने फळवालीकडून चार पेरू घेतले आणि वळशाच्या रस्त्याने चालायला लागली.